भावाचं प्रेत टाकून खजिन्याकडे धावलेला राजा रंगमंचावर कसा आणू?

ट्रान्सहार्बर (ऐरोली)

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसच्या ग्रुपची एकांकिका आहे. वेळ पंचेचाळीस मिनिटं, नट सहा, आणि त्यातल्या दोघांचं 'ण' आणि 'न'चं भांडण अजून मिटलेलं नाही. विषय मीच सुचवला होता, आता मीच अडकले आहे.

गोष्ट अशी. २ ऑगस्ट ११००, गुरुवार. इंग्लंडचा राजा दुसरा विल्यम (याला रूफस म्हणायचे) न्यू फॉरेस्टमध्ये शिकार करताना बाण लागून मेला. धाकटा भाऊ हेन्री त्याच शिकारीला गेला होता. रविवारी, ५ ऑगस्टला, वेस्टमिन्स्टरमध्ये हेन्रीच्या डोक्यावर मुकुट! थोरला भाऊ रॉबर्ट हा नॉर्मंडीचा (आजच्या उत्तर फ्रान्समधल्या प्रांताचा) ड्यूक. तो जेरुसलेमच्या मोहिमेवरून परतत होता, घरी पोचलाच नव्हता. शिवाय रूफस आणि रॉबर्ट यांच्यात १०९१ साली करार झालेला, की जो आधी निपुत्रिक मरेल त्याचं राज्य दुसऱ्याला. हेन्रीला त्यात जागाच नव्हती.

माझा प्रवेश दुसरा. राजाचं प्रेत झाडाखाली पडलंय आणि हेन्री घोड्यावर टांग टाकून विंचेस्टरला निघून जातो, कारण खजिना तिथे आहे. आमचा दिग्दर्शक म्हणतो, "इथेच प्रेक्षक त्याला खलनायक ठरवून मोकळे होतील, मग उरलेली तीस मिनिटं कोण ऐकणार?" मला हेन्री खलनायक वाटत नाही. का वाटत नाही, ते मात्र मला सांगता येत नाहीये. रोज ठाणे लोकलमध्ये ऐरोली ते ठाणे हाच विचार चालतो आणि ठाणं येतं.

तीन दिवसांत माणूस राजा होतो, तो नेमका कशाच्या जोरावर? कुणी या काळावर वाचलं असेल तर सांगा.

कोपरीकर

ताई, सोपं आहे. बाण हेन्रीनेच मारायला लावला असं दाखवा आणि टाळ्या घ्या. बाण सुटला वॉल्टर टिरेलच्या धनुष्यातून, आणि तो तडक फ्रान्सला पळाला. त्याचे दोन मेहुणे, क्लेअर घराण्यातले, त्याच शिकारीत होते. पुढे हेन्रीने त्या घराण्याचं चांगलंच भलं केलं. आणखी काय पाहिजे?

वाशीची मास्तरीण

कोपरीकर, आणखी पाहिजे तो पुरावा. त्या काळच्या बखरकारांनी याला अपघात किंवा देवाची शिक्षा म्हटलंय. खुनाचा आरोप हेन्रीवर त्याच्या शत्रूंनीही केलेला दिसत नाही. टिरेल तर पुढे, ज्याला हेन्रीकडून काही घ्यायचंही नव्हतं आणि भ्यायचंही नव्हतं अशा वयात, सुजेर नावाच्या मठाधिपतीपुढे शपथेवर सांगत राहिला की त्या दिवशी मी जंगलाच्या त्या भागातच नव्हतो. शिकारीत माणसं मरायची. याच न्यू फॉरेस्टमध्ये रॉबर्टचा एक मुलगा मे महिन्यात, म्हणजे तीनच महिने आधी, असाच बाण लागून मेला होता.

जुना कॅशियर (नौपाडा)

मी इतिहासवाला नाही. चौतीस वर्षं बँकेत काढली, शेवटची अकरा ठाण्यातल्या एका शाखेत हेड कॅशियर म्हणून. निवृत्तीनंतर नॉर्मन राजांचं वेड लागलं. का, ते घरच्यांनाही कळत नाही. पण ट्रान्सहार्बर, तुमच्या दुसऱ्या प्रवेशाबद्दल मला बोलायलाच हवं, कारण तो मी स्वतः करून चुकलोय.

स्ट्राँग रूमच्या किल्ल्या दोघांकडे असतात. जॉइंट कस्टडी. एक माझ्याकडे, एक अकाउंटंटकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. एका सोमवारी आमचे अकाउंटंट मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये गाडीतच कोसळले. लोकांनी ठाण्याला उतरवून हॉस्पिटलात नेलं, वहिनी तिकडे धावल्या, शाखेत फोन आला. साडेनऊ वाजले होते. दहाला काउंटर उघडायचे, महिन्याची पहिली तारीख, पेन्शनवाले आठ वाजल्यापासून जिन्यावर बसलेले. मी रिक्षाने हॉस्पिटलात गेलो आणि वहिनींना पहिलं वाक्य काय म्हटलं? "वहिनी, किल्ल्या." त्यांनी साहेबांच्या बॅगेतून जुडगा काढून दिला. माझ्याकडे बघितलं नाही. साहेब पुढे बरे झाले, निवृत्त होऊन गावी गेले, पण त्या बाई अखेरपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलल्या. त्यांचंही बरोबर होतं. आणि माझ्या जिन्यावर दोनशे म्हातारी माणसं होती.

आता हेन्री. एक गोष्ट ध्यानात घ्या. आज राजा मेला की पुढचा त्याच क्षणी राजा असतो. तेव्हा तसं नव्हतं. अभिषेक होईपर्यंत राजाच नाही, आणि राजा नाही म्हणजे त्याने राखलेली शांतताही नाही. राज्यातला कायदा राजाच्या नावाने चालायचा. नावच पुसलं की ज्याचं त्याचं शेत, ज्याची त्याची तलवार. त्याच्या बापाचंच बघा. १०८७ मध्ये विल्यम द काँकरर, म्हणजे १०६६ ला इंग्लंड जिंकणारा नॉर्मंडीचा ड्यूक, नॉर्मंडीतल्या रूआँजवळ मेला. सरदार घोड्यावर बसून आपापल्या गढ्या सांभाळायला पळाले, आणि नोकरांनी भांडी, कपडे, चादरी उचलून प्रेत जवळजवळ उघडंच जमिनीवर टाकून दिलं. हेन्रीने हे दिवस तरुणपणी पाहिलेत. रूफसने तेव्हा काय केलं, तेही पाहिलंय: बाप मरायच्या आधीच तो पत्र घेऊन इंग्लंडला निघाला, विंचेस्टरचा खजिना गाठला, सतराव्या दिवशी मुकुट घातला. धाकट्याने सतराचे तीन केले, एवढंच.

आणि त्याच मरणाच्या खोलीतली दुसरी गोष्ट. बापाने थोरल्याला नॉर्मंडी दिली, मधल्याला इंग्लंड, आणि हेन्रीला जमीन अजिबात नाही. नुसते ५००० पौंड चांदी. ऑर्डेरिक व्हिटालिस नावाचा भिक्षू लिहितो की हेन्रीने ती चांदी लगेच नीट तोलून घेतली, कमी भरू नये म्हणून. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून हसत बसलो होतो. एका पौंडाच्या २४० पेनी, म्हणजे १२ लाख नाणी, म्हणजे दीड टनाच्या वर चांदी. बाप मरतोय आणि पोरगा तराजूशी उभा आहे! लोक याला निर्दय म्हणतात. मी म्हणेन, हा घरात एकटाच होता ज्याला माहीत होतं की उद्या आपल्याला विचारणारं कुणी नाही.

म्हणून माझं मत: जंगलापासून सुरुवात करू नका. तराजूपासून करा. मग दुसऱ्या प्रवेशात तो घोड्यावर बसतो तेव्हा प्रेक्षकाला तो पळतोय असं वाटणार नाही. तो मोजायला निघालाय.

विंचेस्टरला काय झालं ते तर आयतं नाटक आहे. जंगलापासून तीसेक किलोमीटर. हेन्री दारात पोचतो, किल्ल्या मागतो, आणि मागोमाग घोडा फेसाळत विल्यम द ब्रेतई नावाचा नॉर्मन सरदार येऊन उभा राहतो. म्हणतो, रॉबर्ट थोरला आहे, आपण दोघांनीही त्याच्यापुढे गुडघे टेकून शपथ घेतलीय, तो परमुलखात असला तरी शपथ ती शपथ. खरं बोलला हो माणूस! हेन्रीने तलवार उपसली. सरदार मध्ये पडले, आणि किल्ल्या हेन्रीला मिळाल्या. ब्रेतईला मोठा रोल द्या. तुमच्या नाटकातला प्रामाणिक माणूस तोच.

रूफसचं प्रेत काही शेतकऱ्यांनी गाडीवर घालून विंचेस्टरला आणलं, वाटभर रक्त ठिबकत होतं म्हणतात. कॅथेड्रलच्या मनोऱ्याखाली पुरलं. ११०७ मध्ये तो मनोरा कोसळला. लोक म्हणाले, पापी राजाचं ओझं. मी म्हणतो, कंत्राटदार.

ट्रान्सहार्बर (ऐरोली)

काका, तुमचा रिप्लाय मी रबाळ्याला गाडी थांबली असताना वाचला आणि वहिनींच्या वाक्यापाशी पुन्हा मागे गेले. तराजू घेतेच. आजच लिहिते.

पण एक शंका. पैसा मिळाला, ठीक. मग लंडन का गाठायचं, तेही इतक्या घाईने? विंचेस्टरपासून शंभरेक किलोमीटर आहे, म्हणजे इथून इगतपुरी, घोड्यावर. आणि बाकीच्यांनी मान्य कसं केलं? ब्रेतई एकटाच का?

वाशीची मास्तरीण

याचं उत्तर आपल्याच घरात आहे. १६८० घ्या. ३ एप्रिलला महाराज गेले. २१ एप्रिलला रायगडावर राजारामांचं मंचकारोहण झालं. गड, खजिना, दप्तर सगळं त्या पक्षाच्या हातात. कॅशियरकाकांच्या हिशोबाने खेळ संपला. पण संभाजी महाराज पन्हाळ्यावर होते, आणि सरनोबत हंबीरराव मोहिते, सोयराबाईंचे सख्खे भाऊ, ते फौज घेऊन संभाजीराजांकडे गेले. जूनमध्ये रायगड त्यांच्या ताब्यात. राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ ला. मंचकावर बसवणं आणि अभिषेक होणं यात जे अंतर आहे, तेच अंतर हेन्रीला ओलांडायचं होतं, म्हणून लंडन.

पवित्र तेलाचा अभिषेक एकदा झाला की माणूस बदलतो, अशी श्रद्धा होती. त्याच्याविरुद्ध उठणं म्हणजे देवाने खूण केलेल्यावर हात टाकणं. रॉबर्टकडे शपथ होती, करार होता, थोरलेपण होतं, तेल नव्हतं. आणि थोरल्यालाच गादी हा नियम इंग्लंडात तेव्हा पक्का झालेलाच नव्हता. हेन्रीने युक्तिवाद असाही मांडला की मी राजाच्या पोटी जन्मलो, रॉबर्ट जन्मला तेव्हा बाप नुसता ड्यूक होता. हे मला फारच आवडतं, निवडणुकीच्या फॉर्मवर लिहावं तसं.

अभिषेक करणार कोण, हाही प्रश्न होता. मान कँटरबरीच्या आर्चबिशपचा. तो अँसेल्म रूफसशी भांडून परदेशात बसलेला. यॉर्कचा आर्चबिशप दूर उत्तरेला. मग लंडनचा बिशप मॉरिस हाताशी होता, त्याच्याकडून उरकलं आणि अँसेल्मला पत्र धाडलं: क्षमा असावी, शत्रू उठतील या भीतीने थांबता आलं नाही, लवकर या. ते पत्र आजही वाचायला मिळतं. पुरोहित बदलला म्हणून मुहूर्त टाळला नाही.

आता मान्यता. अभिषेकाबरोबरच हेन्रीने एक सनद काढली आणि तिच्या प्रती परगण्यापरगण्यांत धाडल्या. भावाने जे जे केलं ते बंद, असा तिचा सूर. चर्चच्या रिकाम्या जागांचं उत्पन्न राजा खाणार नाही. सरदार मेला तर वारसाकडून वाजवीच रक्कम घेऊ, त्याची जमीन त्यालाच परत विकत घ्यायला लावणार नाही. विधवेचं लग्न तिच्या मर्जीविरुद्ध लावणार नाही. भावाची बरीचशी येणी माफ. यातलं किती पाळलं हे विचारू नका. पण एकशे पंधरा वर्षांनी, १२१५ मध्ये, सरदार किंग जॉनला कोंडीत पकडत होते तेव्हा हाच कागद त्यांनी पुढे केला, आणि त्यातून मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद, निघाली. तीन दिवसांच्या घाईत दिलेलं आश्वासन... थांबा, नातं सांगते, जॉन हेन्रीचा पणतू. मुलगी मटिल्डा, नातू दुसरा हेन्री, त्याचा मुलगा जॉन. पणतूला भोवलं.

आणि काका, किल्ल्यांवर फार भिस्त ठेवू नका. डिसेंबर ११३५ मध्ये स्टीफननेही हेच सगळं केलं. मामा हेन्री १ तारखेला मेला, हा बुलोनहून समुद्र ओलांडून लंडनला, तिथून विंचेस्टर, खजिना ताब्यात, सख्खा भाऊ तिथलाच बिशप, २२ तारखेला मुकुट. हेन्रीनंतर गादी मटिल्डेलाच, ही तिला दिलेली शपथ मोडली, त्यावर एका सरदाराने साक्ष दिली की मरताना राजाने मन बदललं होतं. किल्ल्या, तेल, साक्षीदार, सगळं होतं. तरी पुढची अठरा वर्षं घरभेद आणि लढाया, आणि शेवटी गादी मटिल्डेच्या मुलालाच लिहून द्यावी लागली.

जुना कॅशियर (नौपाडा)

मॅडम, मान्य. पण स्टीफनने किल्ल्या घेतल्या आणि दार उघडंच ठेवलं. हेन्रीने तेहेतीस-पस्तीस वर्षं साठवलेलं त्याने भाडोत्री सैनिकांवर आणि ज्याला त्याला खूश करण्यात उडवलं. किल्ली घेणं हे काम पहिल्या दिवसाचं. संध्याकाळी कॅश टॅली होणं हे रोजचं.

आणि तुमचा दाखला मी आणखी पुढे नेतो, माझ्याच विरुद्ध. १२१६. किंग जॉन मेला तेव्हा पोरगा नऊ वर्षांचा. लंडन आणि वेस्टमिन्स्टर बंडखोरांकडे, फ्रान्सचा राजपुत्र लुई तिथे बसलेला. जॉनचं सामान काही दिवस आधीच वॉश नावाच्या खाडीच्या चिखलात बुडालेलं. म्हणजे खजिना नाही, राजधानी नाही. ग्लॉस्टरला साध्या कड्याचा मुकुट करून २८ ऑक्टोबरला पोराला राजा केला. म्हातारा विल्यम मार्शल कारभारी झाला, सत्तरीचा. त्याने पंधरवड्यातच काय केलं? जॉनने रद्द करवून घेतलेला मॅग्ना कार्टा स्वतःहून पुन्हा काढला. बंडखोर ज्यासाठी लढत होते तेच त्यांच्या हातात ठेवलं! पुढच्या मे महिन्यात लिंकनला लढाई जिंकली, ऑगस्टमध्ये सँडविचजवळ फ्रेंच आरमार हरवलं, आणि लुईला १०,००० मार्क (तेव्हाचं पैशांचं माप) देऊन घरी पाठवलं. जिंकल्यावर पैसे दिले. असा कॅशियर मला कधी भेटला नाही.

आता ट्रान्सहार्बरच्या हेन्रीकडे. मॅडमनी एक माणूस गाळला, तो नाटकात हवाच. रानुल्फ फ्लॅम्बार्ड. रूफसचा वसुली करणारा बिशप, अख्खा देश त्याच्या नावाने बोटं मोडायचा. हेन्रीने त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकला. तिथला पहिला मोठा कैदी. लोक खूश, पैसा न लागता! पण फेब्रुवारी ११०१ मध्ये हा गडी निसटला. मित्रांनी वाइनच्या पिंपात दोर लपवून आत पाठवला, त्याने पहारेकऱ्यांना तीच वाइन भरपूर पाजली आणि खिडकीतून उतरला. दोर आखूड पडला, हाताची सालं निघाली, जाडजूड बिशप धपकन पडला आणि तरी नॉर्मंडीला पोचला, थेट रॉबर्टकडे.

ठाणेकरांना हे ओळखीचं वाटेल. आपल्या सेंट्रल जेलच्या किल्ल्यातून १८१६ च्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे असेच निसटले. खिडकीखाली एक मोतद्दार घोडा खरारा करत मराठीत गाणी म्हणायचा आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यात निरोप आहे हे कळत नव्हतं, असं सांगतात. मी रोज सकाळी तिथून फिरायला जातो. पिंप की गाणं, कुठली युक्ती भारी, यावर आमच्या कट्ट्यावर दोन गट आहेत.

तर रॉबर्ट जुलै ११०१ मध्ये पोर्ट्समथला उतरला. हेन्री पेव्हेन्सीला वाट बघत बसलेला, तो भलत्याच ठिकाणी आला! बरेच मोठे सरदार रॉबर्टकडे. ऑल्टनला दोन्ही सैन्यं समोरासमोर आली आणि लढाई झालीच नाही. हेन्रीने वर्षाला ३००० मार्क द्यायचं कबूल केलं, रॉबर्टने राजा म्हणून त्याला मानलं. दोन वर्षांनी रॉबर्टने ती पेन्शनही सोडून दिली. राणीने शब्द टाकला म्हणतात. ११०६ मध्ये नॉर्मंडीतल्या तँशब्रेला हेन्रीने त्याला लढाईत पकडलं आणि तो ११३४ मध्ये मरेपर्यंत, सत्तावीस वर्षांच्या वर, कैदेत. आता बोला, खलनायक की नाही? ते मी सांगत नाही.

वाशीची मास्तरीण

राणीवरून आठवलं, आणि हे ताईंसाठी. तुमच्या सहा नटांत बाई किती? कारण सगळ्यात चांगला प्रवेश तिचा आहे. स्कॉटलंडच्या राजाची मुलगी, जन्मनाव ईडिथ. आईकडून जुन्या सॅक्सन राजवंशाची, म्हणजे १०६६ ला नॉर्मन येण्याआधी इंग्लंडवर राज्य करणाऱ्या घराण्याची. नॉर्मन राजाशी तिचं लग्न म्हणजे चौतीस वर्षांपूर्वी हरलेल्या लोकांना दिलेला मान. पण ती वाढली मठात, मावशी क्रिस्टिनाजवळ. ती जोगीण झालेली आहे, लग्न चालणार नाही, अशी हाकाटी उठली. अँसेल्म परत आलेला होता, त्याने चौकशी बसवली. ही मुलगी उभी राहून सांगते: मावशी नॉर्मन पुरुषांपासून वाचवायला माझ्या डोक्यावर काळं फडकं घालायची, ती नजरेआड झाली की मी ते ओढून जमिनीवर टाकायचे आणि पायाखाली तुडवायचे. निकाल तिच्या बाजूने. ११ नोव्हेंबर ११०० ला लग्न. नाव बदलून मटिल्डा; वर आलेली मुलगी मटिल्डा ती हिचीच. नॉर्मन सरदार दोघांना मागून गॉड्रिक आणि गॉडगिफू म्हणायचे, म्हणजे शहरी माणसाने कुणाला 'गावठी' म्हणावं तसं.

कोपरीकर

माझा बाण मागे घेतो. फडक्याचा प्रवेश भारी आहे. पण नाटकाला 'गॉड्रिक' नाव ठेवू नका, बॅनरवर चुकीचं छापतील.

ट्रान्सहार्बर (ऐरोली)

काल रात्री दीडपर्यंत बसून पुन्हा लिहिलं. आता उघडतं ते रूआँला: मरणारा राजा विंगेत, फक्त श्वासाचा आवाज, आणि समोर हेन्री चांदी तोलतोय. जंगल नाहीच. रूफस मेल्याची बातमी ब्रेतई आणतो, तीही खजिन्याच्या दारात. फडकं ठेवलंय, आमच्या अकाउंट्समधल्या मुलीने वाचूनच ते जोरात आपटलं. रॉबर्ट शेवटी येतो आणि भावाला एकच विचारतो, मेला तेव्हा जवळ कोण होतं? दिग्दर्शक आता खलनायकाबद्दल गप्प आहे; त्याला ब्रेतई स्वतः करायचाय.

कॅशियरकाका, वहिनींचं वाक्य वापरलं नाही. पण हेन्री किल्ल्या मागतो तेव्हा समोरच्याने त्याच्याकडे बघायचं नाही, अशी सूचना लिहिलीय. चालेल ना?

आणि एक व्यावहारिक अडचण. पारड्यांचा मोठा तराजू, दोन माणसांनी उचलावा एवढा, भाड्याने कुठे मिळेल? जांभळी नाक्याला दोन दुकानांत विचारलं, सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे.

जुना कॅशियर (नौपाडा)

चालेल. तराजूसाठी जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत जुने धान्यवाले आहेत, त्यांच्या माळ्यावर पडलेला असतो. भाडं नको म्हणतील, डिपॉझिट ठेवा आणि पावती घ्या. शनिवारी सकाळी अकराला मी जेलच्या बाजूने तलावपाळीला येतो, सोबत येतो तुमच्या. वजनं वेगळी मागून घ्या, ती विसरतात.